राखीव प्रत आणि पुनरागमन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी बोलून गेलेल्या विद्वानांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठी माणसाचे दक्षिणेतील वास्तव्य अशा भारदस्त विषयांचे विवेचन केले. त्यांच्या पंक्तीस मोबाइलमधील ॲपची संगणकावर राखीव प्रत घेण्याचा व ती पुन्हा मोबाइलमध्ये आणण्याचा विषय घेऊन बसताना थोडा संकोच होतो. परंतु हा विषय आमचा नव्हे. तो चिटणीसांनी सुचविला, आणि चिटणीसांकडे तो सभासदांकडून आला. मंडळाच्या वाचनालयात रविवारी सकाळी पुस्तके बदलावयास येणारी मंडळी अलीकडे पुस्तकाबरोबर मोबाइलही टेबलावर ठेवतात. गाऱ्हाणे बहुधा एकच असते. नवा मोबाइल घेतला, दुकानदाराने 'सगळे येईल' असे सांगितले, आणि सगळे आले नाही.

काय आले नाही याची यादी ऐकली म्हणजे मात्र हा विषय रुक्ष राहत नाही. नातवाचे पहिले पाऊल, वडिलांच्या औषधांची टिपणे, धाकट्या भावाशी झालेला शेवटचा संवाद, वीस वर्षांच्या हिशेबाची वही. पन्नास वर्षांपूर्वी, हे मंडळ स्थापन झाले त्या काळी, नोकरीनिमित्त बंगळूरला आलेल्या मराठी कुटुंबाचे घराशी असलेले नाते पोस्टमनच्या हाती होते. आंतर्देशीय पत्रे येत, वाचून झाली की ती तारेच्या आकड्याला टोचून ठेवीत, आणि तार भरली की पत्रे ट्रंकेत जात. त्या ट्रंका आजही कित्येकांच्या माळ्यावर आहेत. चाळीस वर्षांनी उघडल्या तरी आईचे अक्षर तसेच दिसते. ते वाचण्यासाठी आईचा पत्ता चालू असावा लागत नाही, पोस्टाकडे आपली ओळख पटवावी लागत नाही, की ट्रंक बनविणाऱ्या कारखान्याची परवानगी घ्यावी लागत नाही. आजच्या पत्रांना या तिन्ही गोष्टी लागतात. आम्ही पुढे जे सांगणार आहोत ते सारे या एका फरकातून निघाले आहे.

शब्दांविषयी आरंभीच एक खुलासा. 'भ्रमणध्वनी' आणि 'उपयोजन' हे शब्द आम्हांस अमान्य नाहीत. परंतु घरात कोणी 'माझे उपयोजन उघडत नाही' असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा मोबाइल, ॲप, बॅकअप हेच शब्द आम्ही वापरणार आहोत. 'रिस्टोअर' या शब्दासाठी मात्र पुनरागमन हा शब्द आम्हांस आवडतो. गणपतीला निरोप देताना आपण पुनरागमनाची विनंती करतो, आणि तो पुढच्या वर्षी येईल याविषयी मनात शंका बाळगीत नाही. मोबाइलच्या बाबतीत इतका भाबडा विश्वास उपयोगी पडत नाही.

आता मूळ गोष्ट. ॲप ही एक वस्तू आहे असे आपण समजतो; वस्तुतः तो तीन वस्तूंचा संच आहे. आपल्या मंडळाचे नाटक म्हैसूरला न्यावयाचे झाल्यास काय करावे लागते, ते आठवून पाहा. पडदे, कपडेपट आणि सामान टेम्पोत भरता येते. संहिता पिशवीत घालून नेता येते. परंतु तेथील नाट्यगृहाची परवानगी येथून भरून नेता येत नाही. ती म्हैसूरलाच नव्याने मिळवावी लागते. ॲपचा मूळ कार्यक्रम म्हणजे सामानसुमान, आपण त्यात साठविलेली माहिती म्हणजे संहिता, आणि हा मोबाइल याच माणसाचा आहे ही नोंद म्हणजे परवानगी. पहिले सहज पुन्हा मिळते, कारण ते सर्वांचे सारखेच असते. तिसरे नेता येत नाही, आणि नेता येऊ नये हेच योग्य. दुसरे, म्हणजे आपली संहिता, जगात दुसरीकडे कोठेही नसते, आणि नेमकी तीच हरवते.

परवानगीची गोष्ट थोडक्यात उरकतो. यूपीआयने पैसे देण्याचे ॲप आपल्या सिमकार्डाशी बांधलेले असते. नव्या मोबाइलमध्ये ते उघडले की आपल्याच क्रमांकावरून एक लघुसंदेश बँकेकडे जातो आणि मगच ओळख पटते. म्हणून कितीही उत्तम बॅकअप असला तरी बँकेची ॲपे रिकामीच येतात. तो दोष नव्हे. सिमकार्ड नव्या मोबाइलमध्ये आधी घालावे आणि तो दिवसभर खिशात थोडी रोकड ठेवावी. बंगळुरात कोथिंबिरीची जुडी घेतानाही पुढे चौकट धरली जाते, त्यामुळे ही सूचना आम्ही गंमत म्हणून करीत नाही. दुसऱ्या पायरीचे सांकेतिक आकडे देणारी जी ॲपे असतात, त्यांकडे मात्र जुना मोबाइल हातावेगळा करण्यापूर्वी लक्ष द्यावे. गूगलच्या अशा ॲपमधील नोंदी २०२३ सालापर्यंत केवळ त्या एका मोबाइलमध्ये राहत. त्या वर्षी खात्याबरोबर त्या जपून ठेवण्याची सोय झाली, पण ती सुरू आहे की नाही हे ज्याचे त्याने पाहावे.

आता संहितेकडे वळतो. संगणकाला केबल जोडली की मोबाइलमधील सारे संगणकात उतरविता येते, अशी समजूत सार्वत्रिक आहे, आणि ती निराधार नाही. एके काळी बरेचसे तसेच होते. २०११ साली आलेल्या अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीपासून संगणकावरून एक आज्ञा दिली की ॲप आणि त्यातील माहिती एका फाइलमध्ये गोळा होऊन येत असे. ॲप बनविणाऱ्यास आपल्यापुरते हे दार लावून घेण्याची मुभा होती, आणि अनेकांनी ते लावून घेतले. २०२० च्या अकराव्या आवृत्तीने ॲपच्या खासगी कप्प्यांत डोकावण्यावर निर्बंध आणले. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून, तिच्या धर्तीवर बनविलेल्या ॲपची माहिती त्या जुन्या आज्ञेतून वगळली जाऊ लागली. येथे एक फसगत आहे. आज्ञा अजूनही मान्य होते, फाइल तयार होते, तिला नाव आणि तारीखही असते. फक्त आत जवळजवळ काही नसते. कुलूप शाबूत आणि तिजोरी रिकामी, असा हा प्रकार. जुन्या पुस्तिकेवरून किंवा ऐकीव माहितीवरून बॅकअप घेणारे समाधानाने झोपतात, आणि पुनरागमनाच्या दिवशी जागे होतात.

आयफोनची कथा निराळी, परंतु दिशा तीच. आयट्यून्स हा संगणकावरील कार्यक्रम सप्टेंबर २०१७ पर्यंत ॲपच्या मूळ प्रतीही संगणकात ठेवीत असे. त्या महिन्यातील आवृत्तीपासून ती सोय काढून टाकण्यात आली. योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्या शहरात, पीण्यातील कारखान्यात, आयफोनची जुळणी सुरू झाली होती. तेव्हापासून संगणकावरील बॅकअपमध्ये ॲपची माहिती असते, ॲप स्वतः नसते. ते पुनरागमनाच्या वेळी ॲपलच्या दुकानातून नव्याने आणले जाते. दरम्यान ते ॲप दुकानातून उठून गेले असेल तर पोथी घरात आणि वाचणारा परागंदा, अशी अवस्था होते.

ही दारे का लावली गेली? चोरीस गेलेला मोबाइल, दुरुस्तीस दिलेला मोबाइल, संशयी नातेवाइकाच्या हाती पाच मिनिटे पडलेला मोबाइल, या प्रत्येक ठिकाणी केबल हेच चोराचे हत्यार होते. दार लावणाऱ्यांचा युक्तिवाद आम्हांस पटतो. पण एक तक्रार राहतेच. चोर आणि मालक यांना एकाच मापाने मोजले गेले. बँकेच्या ॲपला कुलूप असावे. आमच्या आत्याच्या लोणच्याच्या कृतीला ते कशासाठी? आपले टिपण आपल्याच संगणकात उतरवून घेण्याचा हक्क माणसाला असावा, असे आमचे मत आहे, आणि ते या व्यासपीठावरून नोंदवून ठेवतो.

व्हॉट्सॲपविषयी मात्र सविस्तर बोलावे लागेल, कारण परगावी राहणाऱ्या माणसाचे घर तेथेच आहे.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब जयनगरात राहते. त्यातील सूनबाईंच्या सासूबाई वाईस असत. त्यांना टंकलेखन जमत नसे, म्हणून त्या आवाजी निरोप पाठवीत. अळूवड्यांना पीठ किती सैल, मंगळागौरीच्या वेळी कोणत्या गाण्यामागून कोणते, चुलत्याच्या कोर्टाच्या तारखेचे काय झाले, असे सारे. सासूबाई गेल्या. त्यानंतर एका दिवाळीत घरी नवा मोबाइल आला. जुना बदल्यात द्यावयाचा होता. मोबाइल पोहोचविणारा मुलगा दारात उभा, जुना मोबाइल तेथल्या तेथे पुसून द्यावयाचा, मागे लिफ्टवाला बोलावतो आहे. नव्या मोबाइलमध्ये व्हॉट्सॲप उघडले तेव्हा दिसून आले, की राखीव प्रत साठविण्याची जागा भरून गेल्यामुळे चार महिन्यांपूर्वीच प्रत घेणे थांबले होते, आणि त्या प्रतीतही आवाज नव्हते. अक्षरे तेवढी होती.

असे का घडते ते सांगतो. अँड्रॉइडच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपची प्रत दोन ठिकाणी असते. एक मोबाइलमध्येच, रोज रात्री घेतली जाणारी, गेल्या काही दिवसांची. दुसरी गूगलच्या साठ्यात, आपण सांगू त्या अंतराने घेतली जाणारी. पूर्वी ही दुसरी प्रत आपल्या पंधरा गीगाबाइटांच्या मोफत जागेत मोजली जात नसे. २०२३ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने ती मोजली जाऊ लागली. ज्यांची जागा छायाचित्रांनी आधीच भरली होती, त्यांच्या प्रती थांबल्या. सूचना येते, नाही असे नाही. पण सूचनांच्या त्या पावसात ती वाहून जाते. शिवाय पुनरागमनाच्या वेळी आधी अक्षरे येतात आणि छायाचित्रे व आवाज मागाहून सावकाश येत राहतात. अक्षरे दिसली की काम झाले, असे समजून जुना मोबाइल पुसणारे पुष्कळ आहेत. ही घाई टाळावी. जुना मोबाइल निदान पंधरा दिवस घरात राहू द्यावा. बदल्यात मिळणारे दीडदोन हजार रुपये त्यापुढे काहीच नव्हेत.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले? निरोप पाठविणाऱ्याच्या मोबाइलमध्येही निरोप असतोच, हे एका भाच्याच्या ध्यानात आले. सासूबाईंचा मोबाइल वाईच्या घरी कपाटात होता. सिमकार्ड केव्हाच बंद झाले होते, बॅटरी पूर्ण उतरली होती. पण चार्जर लावल्यावर तो सुरू झाला, आणि पडद्यावर बोट कसे फिरवावयाचे ते नातवाला ठाऊक होते. व्हॉट्सॲप उघडण्याची गरजच पडली नाही. केबलने मोबाइल संगणकाला जोडला, अँड्रॉइडच्या नावाच्या फोल्डरमधून मीडिया, तेथून व्हॉट्सॲप, तेथून आवाजी निरोपांचा फोल्डर. वर्ष आणि आठवडा यांच्या आकड्यांनी नावे दिलेले कप्पे तेथे ओळीने होते, आणि प्रत्येक फाइलीच्या नावातच दिवसाची तारीख. या फाइलींना कुलूप नसते. संगणकावर गाणी वाजविणारा साधा कार्यक्रम त्या वाजवितो. शेकडो निरोप मिळाले. अर्थात कोणता निरोप कोणास पाठविला होता, आणि कोणत्या प्रश्नाचे ते उत्तर होते, हे त्यांत नव्हते. ते सर्वांनी एकत्र बसून, ऐकून, आठवून जुळविले. कित्येक ठिकाणी दोन बहिणींचे एकमत झाले नाही.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे लीळाचरित्राची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा ज्याच्या त्याच्या तोंडून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या आणि ग्रंथ सिद्ध केला. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग हिराइसा आदी शिष्यांनी आपल्या स्मरणातून तो ग्रंथ पुन्हा उभा केला. एका मूळ प्रतीऐवजी अनेक पाठ झाले, लीळांचा क्रम कोठे बदलला, शब्द बदलले. डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली संपादित आवृत्ती काढली, तेव्हाही पाठभेद जुळविण्याचे हे काम सरले नव्हते. ग्रंथ परत आला, पण जसा होता तसा नव्हे. तुकोबांच्या गाथेची कथा आपण सर्वच जाणता, म्हणून ती येथे सांगत नाही. पुनरागमनाचे हे दोन प्रकार ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. प्रतीवरून जे येते ते जसेच्या तसे येते. माणसांकडून जे येते ते माणसांच्या पद्धतीने येते.

महानुभावांपाशी याच विषयाला लागून आणखी एक गोष्ट आहे. आपले ग्रंथ परक्याच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये म्हणून त्यांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या योजिल्या. अक्षरांची अदलाबदल करून लिहावयाचे, आणि किल्ली पंथातील जाणत्यांपाशी ठेवावयाची. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण शतकानुशतके ते उरलेल्या मराठी जगाला नसल्यासारखेच झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने ती किल्ली बाहेर आली, आणि आद्य मराठी गद्याचे दालन उघडले.

आजच्या बॅकअपच्या पासवर्डची जात हीच. फरक एवढाच, की तो हरवला तर राजवाड्यांनाही सापडणार नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून व्हॉट्सॲपची साठ्यातील प्रत पूर्णपणे कुलूपबंद ठेवण्याची सोय झाली. ती आपण सुरू केली, तर एक पासवर्ड ठेवता येतो किंवा चौसष्ट आकड्यांची किल्ली जपून ठेवता येते. तो पासवर्ड विसरला आणि खुद्द मोबाइलही गेला, तर कंपनीसुद्धा ती प्रत उघडून देऊ शकत नाही, कारण किल्ली तिच्यापाशी नाहीच. आयफोनचा संगणकावरील बॅकअपही कुलूप लावून घेता येतो, आणि घ्यावा. कारण कुलूप लावले तरच त्यात साठविलेले पासवर्ड, आरोग्याच्या नोंदी आणि कॉलचा इतिहास समाविष्ट होतात. पण तो पासवर्ड विसरल्यास मोबाइलच्या सेटिंग्ज पूर्ववत करून नवा बॅकअप घेता येतो इतकेच. जुना बॅकअप बंद तो बंदच. आमचा सल्ला जुन्या वळणाचा आहे. हे पासवर्ड कागदावर शाईने लिहावेत आणि तो कागद घराच्या खरेदीखताशेजारी ठेवावा. चोर पासवर्डाच्या कागदासाठी घर फोडीत नाही.

संगणकाच्या बाजूने येणाऱ्या अडचणी किरकोळ वाटतात, पण रविवारचा बहुतेक वेळ त्यांतच जातो. पहिली अडचण केबलची. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या कित्येक केबली केवळ विद्युत भरणाऱ्या असतात. त्यांत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. मोबाइल चार्ज होतो, म्हणून केबल चांगली असे मानून माणूस तासभर संगणकाला दोष देत बसतो. दुसरे, मोबाइलचे कुलूप उघडून पडद्यावर आलेल्या प्रश्नाला 'होय' म्हणावे लागते. आयफोन 'या संगणकावर विश्वास ठेवावयाचा काय' असे विचारतो. अँड्रॉइड तर न विचारता केवळ चार्जिंगवर राहतो, आणि फाइली देण्याघेण्याची परवानगी वरच्या सूचनेतून आपणच द्यावी लागते. तिसरे, विंडोजच्या संगणकावर आयफोनचा बॅकअप मुकाट्याने सी ड्राइव्हवर जाऊन बसतो. डी ड्राइव्ह रिकामा, सी ड्राइव्ह भरलेला, आणि नव्वद टक्क्यांवर बॅकअप थांबलेला, हे दृश्य आम्हांस पाठ झाले आहे. मॅकवर आयट्यून्स शोधणाऱ्यांनी तो शोध थांबवावा. २०१९ पासून ते काम फाइंडर करतो.

आणखी दोन बारकावे सांगण्याजोगे आहेत. नव्या आवृत्तीच्या आयफोनवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीच्या आयफोनवर चढत नाही. दुकानातून आलेल्या नव्या मोबाइलवरही कधीकधी जुनी आवृत्ती असते, ती आधी अद्ययावत करावी. आणि छायाचित्रे आयक्लाउडमध्ये ठेवण्याचे कलम सुरू असेल तर संगणकावरील बॅकअपमध्ये ती छायाचित्रे येत नाहीत. 'मी दर महिन्याला बॅकअप घेतो' असे अभिमानाने सांगणाऱ्या सद्गृहस्थांना हे सांगावयाचे म्हणजे आमच्याही जिवावर येते.

मोबाइल मेलाच, आणि बॅकअप नाही, अशा वेळी लोक सदर पत्रप्पा रस्त्याकडे, म्हणजे साऱ्या शहराच्या एस. पी. रोडकडे धाव घेतात. तेथील कारागिरांच्या हातात खरोखर जादू आहे. मेलेले सर्किट ते जिवंत करतात. परंतु पूर्वीसारखी केवळ आतली चिप काढून माहिती वाचून घेता येत नाही, कारण अलीकडच्या मोबाइलमधील सारा साठा सांकेतिक रूपात असतो आणि त्याची किल्ली त्याच सर्किटात गुंतलेली असते. मोबाइल पुन्हा सुरू झाला तर सारे मिळेल, न झाल्यास काही नाही. पूर्ण माहिती काढून देण्याची हमी आधीच देणाऱ्या दुकानापासून सावध राहावे. बाहेरून घातलेले मेमरी कार्ड असेल तर मात्र ते वेगळे काढून वाचता येण्याची शक्यता बरीच.

प्रत घेतली, पण ठेवली कोठे? सप्टेंबर २०२२ च्या पुरात बेल्लंदूर, यमलूर आणि सर्जापूर रस्ता या भागांत घरांतून पाणी शिरले, ट्रॅक्टरवर बसवून माणसे बाहेर काढावी लागली. ज्या टेबलाच्या खणात मोबाइल, त्याच टेबलावर संगणक आणि त्याच खणात बाहेरची हार्ड डिस्क, अशी व्यवस्था असली की पाणी तिन्ही प्रतींना एकदमच गाठते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात पुण्यातील कित्येक घरांचे कागद असेच गेले. ज्यांची काही पत्रे मुंबईच्या नातलगांकडे होती तेवढी उरली. एक प्रत दुसऱ्या गावी असावी. परगावी नातलग असणे ही आपणा सर्वांची मिरासच आहे. तिचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

मात्र काही गोष्टींना कोणतीही प्रत पुरत नाही. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपांवर बंदी घातली. त्यांत शेअरइट आणि झेंडर होती. या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये सारे नेण्याचा आपल्याकडचा सर्वांत प्रचलित मार्ग तोच होता. कॅमस्कॅनरही होते, ज्यात कित्येकांनी घरच्या दस्तांची चित्रे काढून ठेविली होती. ज्यांनी ती चित्रे आधी बाहेर काढून साध्या फाइलींच्या रूपात ठेवली, त्यांचे काही बिघडले नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. त्यावर जमलेले मराठी कट्टे आज फक्त आठवणीत आहेत. आपल्याच बंगळुरात २०२० साली जन्मलेले कू, ज्यात मराठीतही लिहिता येत असे, जुलै २०२४ मध्ये मिटले. अशा ॲपची प्रत संगणकात असली तरी ती फोनची नुसती रिकामी चौकट होय; पलीकडे बोलणारे कोणी नाही. म्हणून ॲप जपण्यापेक्षा त्यातील मजकूर ॲपच्या बाहेर, कोणालाही उघडता येईल अशा रूपात काढून ठेवणे अधिक शहाणपणाचे. व्हॉट्सॲपमध्ये एकेक संवाद निर्यात करण्याची सोय आहे. तो पुन्हा व्हॉट्सॲपमध्ये चढत नाही, पण कोठेही वाचता येतो.

याचे उदाहरण आपल्या मंडळाच्याच कपाटात आहे. आपल्या जुन्या स्मरणिकांचा मजकूर ज्या सीडींवर आहे, तो युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वीच्या देवनागरी फाँटांत जुळविलेला आहे. फाइली शाबूत आहेत, संगणक त्या आनंदाने उघडतो. पण तो विशिष्ट फाँट नसल्यामुळे संपादकीयाच्या जागी इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांची रांग दिसते. अक्षरे बदलून देणारे कार्यक्रम मिळतात, त्यांनी बरेचसे सुधारते. जोडाक्षरे आणि रफार मात्र हाताने तपासावे लागतात. छापलेल्या स्मरणिका वाचनालयात आहेत म्हणून हे तपासणे शक्य आहे. कागद हा अजून तरी सर्वांत भरवशाचा बॅकअप आहे, असे आम्ही म्हटले तर येथील संगणक अभियंत्यांनी रागावू नये.

शेवटची एक गोष्ट बोलावयास अवघड आहे, पण टाळता येत नाही. माणूस गेल्यावर त्याचा क्रमांक काही काळ वापरला गेला नाही तर बंद होतो, आणि पुढे दुसऱ्या कोणा ग्राहकास दिला जातो. व्हॉट्सॲपची प्रत त्याच क्रमांकावर उघडते. म्हणजे घाईने सिमकार्ड बंद करणे, हा घरातला पत्रव्यवहार बंद करण्याचा एक मार्ग होऊन बसतो. क्रमांक थोडे दिवस चालू ठेवावा आणि मोबाइलमधील साठा आधी संगणकात उतरवून घ्यावा. गूगलचे खाते दोन वर्षे कोणी उघडले नाही तर ते पुसून टाकण्याचा अधिकार कंपनीने २०२३ पासून स्वतःकडे घेतला आहे. आपल्या पश्चात खाते कोणाच्या हाती जावे हे आधीच सांगून ठेवण्याची व्यवस्था तेथे आहे, आणि ॲपलकडेही २०२१ च्या डिसेंबरपासून तशी व्यवस्था आहे. मृत्युपत्र करताना दागिन्यांची यादी करतो, त्याच बैठकीत पाच मिनिटे यासाठी द्यावीत.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयात आम्ही काही जण दोन संगणक घेऊन बसणार आहोत. ज्यांना प्रत घ्यावयाची आहे त्यांनी मोबाइल पूर्ण चार्ज करून आणावा, पासवर्ड आठवून यावे, आणि केबल आपापली आणावी. जुना मोबाइल अजून घरात असेल तर तोही आणावा. पुसू नये.